नाइसेच्या दोन्ही तीरांवर : ग्योर्लित्स भेटीचे अनुभव

जर्मनीच्या अगदी पूर्व टोकाला, नाइसे नदीच्या काठी, ग्योर्लित्स हे शहर वसलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात ड्रेस्डेन जळून खाक झाले, परंतु तेथून रेल्वेने सव्वा-दीड तासाच्या अंतरावर असलेले ग्योर्लित्सचे जुने गाव जवळपास जसेच्या तसे वाचले. त्यामुळे गॉथिक काळापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या सुमारे 4,000 संरक्षित वास्तू येथे आजही एकमेकींना खेटून उभ्या आहेत. मात्र 7 मे 1945 रोजी, युद्ध संपायला एक दिवस उरला असताना, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नदीवरील पूल उडवून दिले आणि पुढे हीच नदी दोन देशांची सीमा ठरली. पश्चिमेचे मोठे गाव जर्मनीत राहिले. पूर्व तीरावरची वस्ती पोलंडमध्ये गेली आणि तिला झ्गोझेलेत्स हे नाव मिळाले.

पुढील अनुभवांत या सीमेचा उल्लेख वारंवार येईल, म्हणून तिची हकिगत येथेच सांगून ठेवतो. 1945 मध्ये पूर्व तीरावरच्या जर्मन रहिवाशांना घरेदारे सोडावी लागली आणि त्यांच्या जागी पोलंडच्या जुन्या पूर्व प्रांतांतून उखडली गेलेली पोलिश कुटुंबे आली. 6 जुलै 1950 रोजी पूर्व जर्मनी आणि पोलंड यांनी झ्गोझेलेत्समधील सांस्कृतिक भवनात करार करून ही सीमा मान्य केली. पश्चिम जर्मनीने ती स्वीकारायला आणखी वीस वर्षे घेतली, आणि एकीकरणानंतर 14 नोव्हेंबर 1990 च्या कराराने तिच्यावर शेवटची मोहोर उमटली. 1972 ते 1980 या काळात दोन्हीकडच्या नागरिकांना व्हिसाशिवाय ये-जा करता येत असे. पोलंडमध्ये स्वतंत्र कामगार चळवळ उभी राहताच पूर्व जर्मनीने ती वाट बंद केली. जुन्या गावाजवळचा पादचारी पूल 2004 मध्ये पुन्हा बांधला गेला, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे त्या जागी पूलच नव्हता. डिसेंबर 2007 मध्ये पोलंड शेंगेन क्षेत्रात आल्यावर तपासणी थांबली, आणि ऑक्टोबर 2023 पासून जर्मनीने ती पुन्हा सुरू केली.

माझे मत आरंभीच नोंदवतो. एका तीरावरून हे शहर समजत नाही. बहुतेक पर्यटक पश्चिमेकडची देखणी घरे पाहून, पुलाच्या मध्यावर छायाचित्र काढून परत फिरतात, आणि शहराचा निम्मा जीव तिकडेच राहून जातो. म्हणून ज्या मराठी मंडळींनी ग्योर्लित्स पाहिले आहे त्यांना आग्रहाची विनंती आहे, की कोणत्या वास्तूपाशी अधिक वेळ थांबावेसे वाटले, नदी ओलांडल्यावर काय दिसले आणि आपल्या कामाच्या वा अभ्यासाच्या नजरेतून काय उमगले, हे मोकळेपणाने आणि सविस्तर लिहावे.

निवृत्त इतिहास-शिक्षिका, सातारा

मुलगा आणि सून ड्रेस्डेनला असतात, त्यामुळे आम्हा उभयतांचे तिकडे जाणे होते. ग्योर्लित्समध्ये मला सर्वांत अधिक गुंतवून ठेवले ते तेथील पवित्र कबरीच्या वास्तुसमूहाने. गेओर्ग एमरिख हा येथील श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा 1465 मध्ये जेरुसलेमच्या यात्रेला गेला होता. तो पुढे शहराचा महापौर झाला. या घराण्याच्या पुढाकाराने 1481 ते 1504 या काळात येथे जेरुसलेममधील ख्रिस्ताच्या समाधिस्थानाची प्रतिकृती उभी राहिली. त्याच्या यात्रेमागे केवळ भक्ती होती असे कोणी मानत नाही. शेजाऱ्याच्या मुलीला दिवस गेले असता त्याने तिच्याशी लग्न करण्यास नकार दिला आणि त्या पापाचे परिमार्जन म्हणून तो यात्रेला गेला, असे गावात आजही सांगतात.

येथे तीन वास्तू आहेत. पहिली दुमजली प्रार्थनावास्तू, खाली आदमचे गर्भगृह आणि वर ख्रिस्ताला क्रूसावर चढवले ती गोल्गोथाची टेकडी. वरच्या मजल्यावर जमिनीत तीन क्रूसांसाठी तीन खाचा आहेत, आणि खालच्या मजल्यावर भिंतीत मुद्दाम एक भेग ठेवलेली आहे. ख्रिस्ताने प्राण सोडले तेव्हा खडक दुभंगला, या बायबलमधील कथेची ती खूण. दुसऱ्या लहान वास्तूत मृत ख्रिस्त आणि मेरी यांची दगडी मूर्ती आहे. तिसरी प्रत्यक्ष कबर. ती इतकी छोटी, की वरचा मनोरा आणि बाजूचे ठेंगणे खांब पाहताना ही वास्तू आहे की मोठी मंजूषा, असे वाटावे. आतल्या कक्षात जायचे तर कमरेत वाकावे लागते. माझे गुडघे आता फारशी साथ देत नाहीत, तरी मी वाकून आत गेले. आत रिकामा दगडी ओटा आहे आणि त्या रिकामेपणालाच येथे अर्थ आहे, कारण ख्रिस्ती श्रद्धेनुसार कबर रिकामी सापडली होती.

इतिहास शिकवणाऱ्या व्यक्तीला येथे एक फार मोलाची गोष्ट सापडते. जेरुसलेममधील मूळ वास्तू 1808 च्या आगीत होरपळली आणि 1810 मध्ये नव्याने बांधली गेली. त्यामुळे मध्ययुगातील यात्रेकरूंना ती कशी दिसत असेल, हे आज जेरुसलेमपेक्षा ग्योर्लित्समध्ये अधिक चांगले कळते. मूळ बदलले आणि नक्कल टिकली. प्रतिकृती म्हणजे दुय्यम वस्तू, असे मी वर्गात अनेक वर्षे शिकवत आले, आणि आता या वास्तूचे उदाहरण मी नातवंडांना आवर्जून सांगते.

पीटर चर्चच्या पश्चिम दारापासून या कबरीपर्यंत क्रूसमार्ग, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या वाटेची आठवण करून देणारा रस्ता, आखलेला आहे. तो पायी चालावा. उतार-चढ आहे, पण बसने जाण्यात त्याचा अर्थ हरवतो.

नैसर्गिक रंगांचे काम करणाऱ्या, पुणे

वरच्या लेखातील ताईंनी पीटर चर्चचा उल्लेख केला आहे. त्या चर्चच्या अगदी शेजारी, नदीच्या वरच्या अंगाला, एक जाड भिंतींचे साधे घर आहे आणि पर्यटक त्याच्याकडे वळूनही पाहत नाहीत. त्याला वाइडहाउस म्हणतात. वाइड ही युरोपातली निळा रंग देणारी वनस्पती. थुरिंगिया प्रांतात तिची पाने दळून, त्यांचे गोळे करून, ते वाळवून गाड्यांनी पूर्वेकडे पाठवले जात. ग्योर्लित्सला चौदाव्या शतकात असा हक्क मिळाला होता, की या बाजूने जाणारा वाइड व्यापाऱ्यांनी आधी येथे उतरवून विक्रीस मांडलाच पाहिजे. कापड विणणारे शहर आणि रंगाची पेठ एकाच ठिकाणी आल्यावर पैसा आला, आणि खालच्या चौकातील ती मोठमोठी घरे त्या पैशातून उभी राहिली.

माझ्या दृष्टीने या शहराचा आपल्याशी असलेला खरा धागा येथेच आहे. वाइडच्या पानात आणि आपल्या निळीच्या पानात रंगाचे द्रव्य एकच असते, पण निळीत त्याचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या आणि पुढे डच व इंग्रजांच्या जहाजांतून अहमदाबादजवळच्या सरखेजची आणि आग्र्याकडील बयान्याची नीळ युरोपात जाऊ लागली. वाइडवर पोट भरणाऱ्या जर्मन प्रांतांनी निळीवर बंदीचे हुकूम काढले, तिला सैतानाचा रंग म्हटले. तरीही ती थांबली नाही, आणि शेवटी वाइडचा व्यापार बसला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत नीळ म्हटले की चंपारणचे शेतकरी आणि त्यांची पिळवणूक येते, आणि ते योग्यच आहे. त्याच्या कितीतरी आधी आपल्या शेतातील निळीने दूरच्या एका देशातील शेतकऱ्याचे पीक बाजारातून उठवले होते, हे मला त्या घरासमोर उभे राहिल्यावर प्रथमच नीट जाणवले.

निळीच्या कुंडातून कापड वर काढले की ते आधी पिवळसर हिरवे असते. हवा लागते तशी त्यावर निळाई पसरत जाते, आणि उग्र आंबूस वास हाताला दोन दिवस सोडत नाही. वाइडच्या कुंडालाही तोच वास येत असे. चर्चच्या इतक्या जवळ हा वास वर्षभर कसा खपवून घेतला जात असेल, हा प्रश्न माझ्यासारख्या रंगाऱ्यालाच पडणार.

तबलावादक, सध्या लाइप्त्सिग

माझा अनुभव पूर्व तीरावरचा आहे आणि तो थोडा विस्ताराने लिहीत आहे.

झ्गोझेलेत्सच्या दक्षिण टोकाला युद्धकाळात जर्मनांची एक मोठी कैदी छावणी होती. तिचे नाव श्टालाग आठ-अ. आधी पोलिश, मग फ्रेंच व बेल्जियन, पुढे सोव्हिएत आणि इटालियन असे लाखभराहून अधिक युद्धकैदी तेथून गेले, आणि तेथे मेलेल्यांत सोव्हिएत कैद्यांची संख्या सर्वांत मोठी होती, कारण त्यांना जाणूनबुजून उपाशी ठेवले जात होते. 1940 च्या उन्हाळ्यात पकडल्या गेलेल्या फ्रेंच सैनिकांत ओलिव्हिये मेसियाँ हा एकतीस वर्षांचा संगीतकार होता. क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि चेलो वाजवणारे तीन वादक त्याला कैद्यांमध्येच भेटले, आणि पियानोवर तो स्वतः बसला. छावणीवरील एका जर्मन पहारेकऱ्याने, जो पेशाने वकील होता, त्याला कागद आणि पेन्सिली मिळवून दिल्या. 15 जानेवारी 1941 रोजी, कडाक्याच्या थंडीत, नाट्यगृह म्हणून वापरल्या जाणाऱ्या बराकीत त्याच्या आठ भागांच्या रचनेचा पहिला प्रयोग झाला. तिचे नाव 'काळाच्या अंतासाठी चौकडी'. विसाव्या शतकातील पाश्चात्त्य संगीतात तिचे स्थान फार वरचे आहे.

तबल्याच्या विद्यार्थ्याने या रचनेपाशी थांबावे असे कारण तिच्या पहिल्याच भागात आहे. तेथे क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पहाटेच्या पक्ष्यांसारखे बोलत असतात, आणि त्यांच्याखाली पियानो सतरा कालमूल्यांचे एक आवर्तन पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. हे आवर्तन तीन देशी ताल जोडून बनले आहे: रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. हे तिन्ही ताल शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथातील 120 देशी तालांच्या यादीतून आलेले आहेत. शार्ङ्गदेव हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी होता, मूळ काश्मीरच्या घराण्यातला, हुद्द्याने राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. मेसियाँला ही यादी पॅरिसमध्ये छापलेल्या एका संगीतकोशात सापडली होती. म्हणजे आपल्या दौलताबादेत लिहिलेले तालांचे कोष्टक सातशे वर्षांनी सिलेशिया या तेव्हाच्या जर्मन प्रांताच्या बर्फात, काटेरी तारांच्या आत, चार कैद्यांच्या हाती वाजले.

पियानोची स्वरसंघांची माळ एकोणतीस घटकांची आहे, आणि ती सतरा कालमूल्यांच्या आवर्तनावर चढवलेली आहे. सतरा आणि एकोणतीस या दोन्ही मूळ संख्या असल्यामुळे लय आणि स्वर पुन्हा एकत्र सुरुवातीला यायला 493 पायऱ्या लागतील, आणि तो भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो. आपण समेची वाट पाहत राहतो आणि सम येतच नाही. मी मांडीवर हाताने आवर्तन धरण्याचा प्रयत्न केला. सतरापर्यंत मोजणे कठीण नव्हते, पण वरचे सूर दर फेरीला वेगळ्या जागी पडत होते. आपल्याकडे आवर्तन म्हणजे घरी परतणे असते. मेसियाँने त्याच सामग्रीतून न परतणारा काळ घडवला, आणि कैदेत असलेल्या माणसाने तो का घडवला असेल हे त्या जागी उभे राहून समजावून सांगावे लागत नाही.

छावणीच्या बराकी आता उरलेल्या नाहीत. युद्धानंतर त्यांचे साहित्य काढून नेले गेले, आणि झाडीत इमारतींच्या पायाचे अवशेष व दगडी खुणा तेवढ्या शिल्लक आहेत. शेजारी नवे स्मृतिकेंद्र उभारले आहे. तेथे दरवर्षी 15 जानेवारीला ही रचना वाजवली जाते, आणि मी ती त्याच प्रसंगी ऐकली. श्रोत्यांत पोलिश आणि जर्मन दोन्ही होते. पहिल्या प्रयोगाबद्दल अनेक दंतकथा आहेत. मेसियाँ स्वतः सांगत असे की चेलोला तीनच तारा होत्या आणि श्रोते पाच हजार होते. चेलोवादक मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की तारा चार होत्या, आणि त्या बराकीत काहीशे माणसांपलीकडे कोणी मावूच शकत नव्हते. मला चेलोवादकाचे म्हणणे अधिक पटते, आणि त्याने त्या रात्रीचे मोल तसूभरही कमी होत नाही.

ग्योर्लित्सच्या मुख्य चौकांतून फिरणाऱ्या पाटीवाल्या सहलींत ही जागा बहुधा नसते. वेळ काढून जावे.

अभियंता, म्युनिक

ज्यांना घड्याळांची आवड आहे त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. पूर्व रेखांश 15 अंश ही रेषा या शहरातून जाते, आणि मध्य युरोपाची प्रमाणवेळ तीच रेषा धरून ठरवली आहे. जर्मनीने ती 1 एप्रिल 1893 पासून लागू केली. नदीकाठच्या उद्यानात तिची खूण म्हणून एक शिळा उभारली आहे. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेमुळे आपल्या देशाचे घड्याळ ठरते, तसेच हे. खालच्या चौकातील जुन्या औषधालयाच्या भिंतीवर 1550 मधील दोन सौरघड्याळे रंगवलेली आहेत, आणि बार्थोलोमेउस स्कुल्टेटुस या येथील महापौर-खगोलज्ञाने 1584 मध्ये या प्रदेशात ग्रेगोरियन कालगणना आणण्यात पुढाकार घेतला. स्वच्छ ऊन असेल त्या दिवशीच सौरघड्याळांपाशी जावे, नाहीतर तेथे केवळ रेषांचे जाळे दिसते.

वास्तुसंवर्धनाच्या अभ्यासक, मुंबई

मी जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करते, त्यामुळे या शहराकडे माझी पाहण्याची रीत निराळी होती. खालच्या चौकातील कापडव्यापाऱ्यांची घरे बाहेरून अरुंद वाटतात, पण दारातून आत गेले की एकदम दोन-तीन मजले उंचीचे दालन उघडते, वर नक्षीदार घुमटाकार छत, आणि वरच्या खोल्यांकडे जाणारा जिना त्या दालनातच. गाडीतील माल सरळ आत घ्यायचा, तेथेच मोजायचा, तेथेच गिऱ्हाइकाला दाखवायचा, आणि मालकाने वरच्या कठड्यावरून सगळ्यावर नजर ठेवायची. 1526 चा श्योनहोफ हा येथील सर्वांत जुन्या रेनेसाँ घरांपैकी एक. आता त्यात सिलेशियाचे संग्रहालय आहे. त्याच परिसरात नगरभवनाचा बाहेरचा दगडी जिना आहे. त्याच्या वळणावर उभी असलेली न्यायदेवता डोळ्यांवर पट्टी न बांधलेली आहे. येथला न्यायाधीश सगळे पाहून निवाडा करतो, असा त्याचा अर्थ गावकरी लावतात.

चौकातील एका दाराच्या कमानीच्या कडेने खोल खोबण कोरलेली आहे. एका बाजूला तोंड लावून कुजबुजले की शब्द दगडातील वळणावरून फिरून पलीकडच्या माणसाच्या कानात स्पष्ट उतरतात. शाळेची मुले तेथे रांग लावतात. मी खोबणीतून बोट फिरवून पाहिले. शेकडो वर्षांच्या वापराने तिची धार गुळगुळीत झालेली आहे.

पण या सौंदर्याचा हिशेबही माहीत असावा. पूर्व जर्मनीच्या काळात जुन्या घरांकडे दुर्लक्ष झाले, लोक शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत राहायला गेले, आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस गावठाणातील कितीतरी घरे छपरापासून कुजलेली होती. युद्धाने जे पाडले नाही, ते ओल आणि उपेक्षा यांनी पाडले असते. 1990 नंतर सरकारी पैसा आला. शिवाय 1995 पासून एका अज्ञात दात्याने दरवर्षी दहा लाख मार्क, आणि चलन बदलल्यावर त्या किमतीचे युरो, जुन्या गावाच्या दुरुस्तीसाठी देणे सुरू केले. आपले नाव शोधण्याचा कोणी प्रयत्न करू नये एवढीच त्याची अट होती, आणि शहराने ती पाळली. 2016 पर्यंत हा पैसा दरवर्षी येत राहिला. एखाद्याचे छप्पर, एखाद्याचे रंगीत लाकडी छत, एखाद्या चर्चची खिडकी, अशी छोटी छोटी कामे त्यातून होत गेली. संवर्धनात मोठा निधी एकदाच मिळण्यापेक्षा असा ठरलेला पैसा दरसाल मिळणे कितीतरी अधिक उपयोगी असते, कारण त्याने गवंडी, सुतार आणि चुन्याचे काम करणारे कारागीर गावात टिकून राहतात. आपल्या वाड्यांच्या बाबतीत नेमके हेच होत नाही, याची मला खंत आहे.

मूल आणि सासूबाईंसह गेलेले कुटुंब, बर्लिन

आमच्या सासूबाई शाकाहारी आहेत, म्हणून जेवणाविषयी एवढेच लिहिते. ग्योर्लित्सच्या जुन्या धाटणीच्या खाणावळींत सिलेशियाचे पदार्थ मिळतात, पण ते बहुतेक मांसाचे असतात. पूल ओलांडला की पोलिश बाजूला बटाटा आणि ताज्या चीजचे सारण भरलेल्या पिरोगी मिळतात, वर परतलेला कांदा. डुकराच्या चरबीचे तुकडे घालू नका, असे आधी सांगावे. पैसे झ्वोटीमध्ये द्यावेत. युरो बऱ्याच ठिकाणी घेतात, पण विनिमय दर त्यांचा असतो.

विद्यार्थी, व्रोत्सवाफ

मी पोलंडमध्ये शिकतो, त्यामुळे या शहरात प्रत्येक वेळी पूर्वेकडून येतो. पुलावरून उतरल्यावर पोलिश तीरावर, नदीजवळच, एक साधे घर आहे. याकोब ब्योमे हा चांभार-तत्त्वचिंतक तेथे राहत असे. तो 1575 मध्ये जवळच्या खेड्यात जन्मला, येथे जोडे शिवून संसार करत होता, आणि 1612 मध्ये त्याने आपले पहिले पुस्तक लिहिले. हस्तलिखित हातोहात फिरले, शहराच्या मुख्य धर्मोपदेशकाने त्याला पाखंडी ठरवले आणि त्याच्यावर लेखनबंदी आली. काही वर्षे त्याने ती पाळली, मग पुन्हा लिहू लागला. 1624 मध्ये तो वारला. पुढे हेगेलने त्याला पहिला जर्मन तत्त्वज्ञ म्हटले. आज त्याचे घर पोलंडमध्ये आहे आणि त्याची कबर जर्मनीत, निकोलाय दफनभूमीत. वर धागा सुरू करणाऱ्या दादांनी दोन्ही तीर पाहण्याचा आग्रह धरला आहे, त्याला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. ब्योमेच्या घरापासून त्याच्या कबरीपर्यंत चालत जायचे तर सीमा ओलांडावीच लागते.

झ्गोझेलेत्समधील माणसांविषयी थोडे लिहावेसे वाटते. 1949 नंतर यादवी युद्धातून पळालेले हजारो ग्रीक निर्वासित पोलंड सरकारने येथे आणून वसवले होते. पुढे त्यांतील बरेच जण परतले, काही पोलंडच्या इतर शहरांत गेले, पण नदीकाठच्या रस्त्याला आजही ग्रीकांचे नाव आहे आणि गावात ग्रीक गाण्यांचा महोत्सव भरतो. माझी घरमालकीण आजी लहानपणी याच परिसरात वाढली. तिच्या आईवडिलांनी ल्वूफकडचे (आता युक्रेनमधील ल्विव) घर सोडले होते, आणि येथे त्यांना मिळालेल्या घरात आधीच्या जर्मन कुटुंबाची भांडी फडताळात तशीच होती. जर्मन लोक एके दिवशी परत येतील या धास्तीने त्यांनी कितीतरी वर्षे घराची मोठी दुरुस्ती केली नाही, असे ती सांगते. 1990 च्या कराराचे महत्त्व मला पुस्तकातून कळले नव्हते, ते आजीच्या या बोलण्यातून कळले.

ग्योर्लित्सची रहिवासी, मूळ कोल्हापूर

पतीच्या नोकरीमुळे आम्ही येथे स्थायिक झालो आहोत. सगळ्यांचे अनुभव वाचून समाधान वाटले, आणि आता या शहरात राहणे कसे असते तेही सांगते. एकीकरणानंतर कारखाने बंद पडत गेले, तरुण मंडळी पश्चिमेकडे निघून गेली आणि दुरुस्त केलेली सुंदर घरेही रिकामी राहिली. इच्छुकांनी काही आठवडे विनाभाडे राहून पाहावे, अशी योजनाही येथे राबवली गेली. आज लोकसंख्या छप्पन हजारांच्या आसपास आहे. नव्याने आलेल्यांत पोलिश कुटुंबे बरीच आहेत, कारण नदीपलीकडे नोकरी आणि अलीकडे घर, किंवा उलट, अशी मांडणी आता सर्रास दिसते. माझी मुलगी जाते त्या बालवाडीत पोलिश मुले आहेत, आणि ती दोन्ही भाषांत भांडू शकते. राजकारणात मात्र सीमेचा प्रश्न पुन्हा तापला आहे. तपासणी सुरू झाल्यापासून मोटारींच्या रांगा लागतात, आणि रोज पलीकडे कामाला जाणाऱ्यांचा वेळ जातो. ज्या पुलासाठी लोक साठ वर्षे थांबले त्यावर पुन्हा थांबावे लागणे मला मनापासून वाईट वाटते.

दोन ठिकाणे कोणाच्याच लेखात आली नाहीत. पहिले म्हणजे 1911 चे ज्यूंचे प्रार्थनागृह. नोव्हेंबर 1938 मध्ये देशभर अशी प्रार्थनागृहे जाळली गेली तेव्हा येथेही आग लावण्यात आली होती, पण अग्निशमन दलाने ती विझवली. सॅक्सनी या येथल्या राज्यात त्या रात्रीतून इतक्या सुस्थितीत वाचलेली अशी वास्तू दुसरी नाही. तेथे प्रार्थना करणारी माणसे मात्र वाचली नाहीत. शहरातील ज्यू कुटुंबे परागंदा झाली किंवा मारली गेली. दीर्घ काळ ओस पडलेली ही वास्तू 2021 पासून सभागृह म्हणून खुली आहे, आणि आत घुमटाखालचे सोनेरी काम पाहण्यासारखे आहे. दुसरे म्हणजे पीटर चर्चमधील ऑर्गन. एउजेनिओ कास्पारिनी याने घडवलेला हा ऑर्गन 1703 मध्ये वाजता झाला, आणि त्याच्या दर्शनी भागावर सतरा सूर्य आहेत, ज्यांच्या मुखाभोवती नळ्या किरणांसारख्या पसरल्या आहेत. ठरावीक दिवशी दुपारी तो वाजवून दाखवतात. वेळ चर्चच्या दारावर लिहिलेली असते.

येण्याचा बेत करत असाल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा धरा. त्या शनिवार-रविवारी ग्योर्लित्समध्ये जुन्या गावाचा उत्सव असतो आणि त्याच वेळी झ्गोझेलेत्समध्ये याकुबी जत्रा भरते. पूल माणसांनी भरून जातो, म्हणून लहान मुले सोबत असतील तर सकाळी लवकर पलीकडे जाऊन यावे. राहण्याची खोली मात्र जूनमध्येच ठरवून ठेवावी, आणि मराठी मंडळी येणार असतील तर आमच्याकडे चहाला अवश्य यावे.